माझा गडगडाट

रविवार, ७ डिसेंबर

आज कपाटामागून गडगडाटाचा पत्रा बाहेर काढला. धूळ पुसली, मूठ पक्की केली, वरचे दोन्ही दोर बदलले. माघी गणपतीच्या नाटकाची तालीम आजपासून सुरू झाली आणि आमच्या बोईसरच्या मंडळात पहिल्या तालमीला पत्रा लागतोच.

नाटक दिनूभाऊंनी स्वतः लिहिलंय. दिनूभाऊ म्हणजे आमचे दिग्दर्शक दिनानाथ, माकुणसारचे, शाळेतून निवृत्त झाले तरी छडी हातातून सुटलेली नाही. वादळात अडकलेली नाव आणि नावेत एकमेकांशी बोलणं टाकलेले तीन भाऊ. म्हणजे अख्खं नाटक गडगडाटावर उभं. वाचन झाल्यावर दिनूभाऊंनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. या वर्षी मुख्य भूमिका कोणाची, हे मी वेगळं लिहायला नको.

ही डायरी लेकीने, स्नेहाने दिली. नाना, निवृत्त झालात, आता लिहा काहीतरी, म्हणाली. तर पत्र्याबद्दलच लिहितो. तो माझ्या कंपनीतल्या जुन्या बॉयलरच्या अंगावरचा आहे. भंगारात चालला होता, साहेबांना विचारून घरी आणला. पत्रा काय, कोणीही हलवेल. कला आहे ती शेवटात. आवाज उतरायला लागला की मी गुडघा हळूच पत्र्याला टेकवतो, मग तो एकदम तुटत नाही, गुरगुरत गुरगुरत लांब डहाणूकडे निघून गेल्यासारखा जातो. मंडळात त्याला ‘पुंजारामाचं शेपूट’ म्हणतात. वीस-बावीस वर्षं बोईसरच्या रंगमंचावर जे काही गडगडलं, ते या शेपटासकट.

आणि सुतळी. पत्र्यामागे उभं राहिलं की रंगमंच दिसत नाही. मैना, म्हणजे माझी बायको, विंगेत स्टुलावर बसून नटांना संवाद सांगते. तिच्या हातात सुतळीचं एक टोक, दुसरं माझ्या मनगटाला. एक झटका, लहान गडगडाट. दोन झटके, मोठा. ही तिचीच युक्ती, चार-पाच वर्षांपूर्वी काढलेली. त्याआधी मी संवाद ऐकून वाजवायचो, पण हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या कंपनीच्या कंप्रेसर हाउसमध्येही त्या घरघराटात कोणी बोलत नसे. खांद्यावर दोन थापा म्हणजे व्हॉल्व्ह बंद. त्यामुळे मला ते बरं पडतं.

रविवार, १४ डिसेंबर

मंडळात नवा माणूस. जितेश. पाम गावचा आहे, एका कंपनीत मीटरबिटर दुरुस्त करतो, तिशी ओलांडलेली. लॅपटॉप आणि दोन काळे स्पीकर घेऊन आला. समुद्राचा आवाज, वाऱ्याचा आवाज, पक्ष्यांचा आवाज, सगळं त्याच्या डबीत आहे म्हणे. दिनूभाऊ लहान मुलासारखे त्या डबीभोवती फिरत होते.

मी म्हटलं, “गडगडाट नाही ना त्यात?”

तो हसला आणि काहीतरी पुटपुटला. दात चांगले आहेत त्याचे. ते सारखे दिसावेत अशी सोय त्याने करून ठेवली आहे.

चहाच्या वेळी मैनाने त्याला माझ्या स्टीलच्या ग्लासात चहा दिला. तो ग्लास आम्ही घरून नेतो, मला प्लॅस्टिकच्या कपातला चहा चालत नाही म्हणून. मला कप मिळाला. घरी आल्यावर मी ग्लासाचं काही बोललो नाही. इतका हलका मी नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

बोललो. ती म्हणाली, “अहो, पाहुणा होता तो.” पाहुणा किती दिवसांचा, असं मी विचारलं, तर तिने टीव्ही बारीक केला. आधीच या नव्या टीव्हीला आवाज नाही. कंपन्यांनी सगळीकडे काटकसर लावली आहे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज जेवताना ताटात सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही मूळचे येवल्याकडचे. पस्तीस वर्षं या किनाऱ्यावर काढली, पण मैनाने घरात कधी सुका मासा शिजवला नाही, वासाने डोकं दुखतं म्हणायची. मी एकदा हौसेने आणला होता, तर रात्रभर डबा गॅलरीत ठेवायला लावला. आता जितेशच्या आईने चटणी पाठवली, तर बोटं चाटून खाल्ली.

“डोकं नाही दुखत?” मी विचारलं.

“चांगली झालीय,” ती म्हणाली.

चांगलीच होती. म्हणूनच जास्त राग आला.

स्नेहा पालघरला, कोळगावच्या बाजूला राहते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. आधी रोज संध्याकाळी फोन करायची. हल्ली फोन नाही, मेसेज करते. रेंज नसते म्हणे. रोज एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला याची हकीकत. आजचा होता ‘ग्रीन विथ एन्व्ही’, म्हणजे हेव्याने हिरवा होणे. जुन्या काळी तिकडे समजूत होती की आजारी माणसाची कातडी हिरवट होते, आणि हेवा हाही एक आजारच. मी आरशात बघून आलो. नेहमीसारखाच सावळा आहे.

रविवार, २१ डिसेंबर

मैनाला ताप. तालमीला एकटाच गेलो. सुतळी नव्हती, म्हटलं, पूर्वी कुठे होती.

तिसऱ्या प्रवेशात थोरला भाऊ धाकट्याच्या कानाशी हळू बोलतो, की आई गेली तेव्हा मी मुद्दाम तुला कळवलं नाही. त्यानंतर शांतता आणि मग मोठा गडगडाट, असं आहे. मी पत्र्याच्या कडेने डोकावत होतो. दिनूभाऊंनी हात वर केला. मी जीव तोडून वाजवला, शेपूटही काढलं, इतकं सुंदर की मलाच बरं वाटलं.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. थोरल्याने अजून तोंडच उघडलं नव्हतं म्हणे. दिनूभाऊंनी हात वर केला तो पंखा बंद करा म्हणून.

आता दिग्दर्शकाने तालमीत पंख्यासाठी हात वर करावा का? चूक कोणाची ते उघड आहे. पण दिनूभाऊ जितेशला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते. दोघेही माझ्याकडे पाठ करून. जितेश मान हलवत होता. मी समोरून गेलो तेव्हा गप्प झाले.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, म्हणून दिनूभाऊ आणि जितेश घरी आले. दिनूभाऊंनी माकुणसारहून उकडहंडीचा, म्हणजे इकडच्या कंद-शेंगांच्या भाजीचा, डबा आणला होता. हात मोकळे नसले की माणूस काहीतरी कबूल करायला आलेला असतो.

खोलीत पंखा, बाहेर पाण्याचा टँकर, आणि दिनूभाऊ चटईकडे बघून बोलत होते. मला तुकडे तुकडे कळलं. वय, दगदग, पत्र्याचं वजन, स्पीकर. मग एकदम मोठ्याने, “पुंजाराम, या वक्ताला गडगडाट जितेशच्या मशीनवरून दिऊ, तुमी नाराज नाय ना?”

मैना भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं ती बोलेल. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

मी म्हटलं, “एक तर मी, नाहीतर तुमची डबी.”

“काका, तसा नाय हो,” जितेश म्हणाला आणि माझ्या जवळ सरकला. मला त्याचं जवळ सरकणं आवडत नाही. माणसाने अंतर ठेवून बोलावं. “तुमच्या पत्र्याला कोण हात नाय लावणार.” पुढे आणखी पुष्कळ बोलला. मी खिडकीतून टँकर बघत बसलो.

ते गेल्यावर मैनाने उकडहंडी गरम केली. मी जेवलो नाही. मग ती झोपल्यावर थोडी खाल्ली.

रविवार, २८ डिसेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला.

सकाळी मैना म्हणाली, “पत्रा गच्चीत न्या ना. एकदा नीट वाजवून ठेवून देऊ.” ठेवून देऊ हे शब्द तिने अशा काही आवाजात म्हटले की मी भांडलो नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला पत्रा टांगला. वळून बघतो तर जिन्यातून जितेश वर येतोय, खांद्याला बॅग. सुट्टीच्या दिवशी याला स्वतःचं घर नाही का?

तो मैनाच्या शेजारी कठड्यावर बसला. बॅगेतून काहीतरी काळं, केसाळ काढून हातात धरलं, मांजराच्या पिल्लाएवढं. टोपी असेल, नाहीतर काचा पुसायचा बोळा. ही हल्लीची पोरं काय काय घेऊन फिरतात. मग माझ्याकडे वाकून काहीतरी लांबलचक सांगितलं. मी “बरं बरं” म्हटलं. बरं बरं म्हटलं नाही तर ही माणसं तेच परत परत सांगत बसतात.

आणि मी वाजवला. सुतळी मैनाने आणलीच होती. एक झटका, दोन झटके, पुन्हा एक. खाली कुत्री पळाली असतील. समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत आल्या. शेवटचा मोठा असा काही दिला की पत्र्याचा थरथराट दातांपर्यंत आला, आणि मग गुडघा टेकवून शेपूट लांब लांब जाऊ दिलं.

जितेश तो बोळा पत्र्याजवळ धरून डोळे मिटून बसला होता. माझी कला बघायची तर डोळे उघडे ठेवून बघ की. मैना रडत होती. तिला म्हटलं, “काय झालं?” तर मानेनेच काही नाही म्हणाली, आणि मग दोघांनी मिळून पत्रा उतरवला. दोघांनी. मी बाजूला उभा.

रविवार, ४ जानेवारी

तालमीला गेलो. मनात होतं की दिनूभाऊंना पस्तावा झाला असेल.

विंगेत माझ्या जागी खोक्यावर काळा स्पीकर होता. त्याच्या शेजारी टेबल, टेबलावर डबी, डबीपुढे जितेश. आणि त्याच्या शेजारी मैनाचं स्टूल. तेच स्टूल, ज्याचा एक पाय आखूड होता म्हणून मी खाली पुठ्ठा ठोकून दिला होता. ती त्यावर बसून त्याला संहिता दाखवत होती आणि दोघांची डोकी एका पानावर.

मी तिथूनच निघून आलो. चित्रालयच्या बाजारातून चालत आलो, वाटेत पाव किलो पेरू घेतले आणि एकट्याने खाल्ले.

ती आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. तिने माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या, कंप्रेसर हाउसमधल्यासारख्या. मी व्हॉल्व्ह बंद केला नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

आता ती रोज संध्याकाळी तालमीला जाते. निळी साडी नेसून. ती साडी लग्नकार्याची आहे.

मी स्पष्टच विचारलं, “त्या डबीला काय संवाद सांगावे लागतात, म्हणून तुझी गरज आहे?”

“नटांना लागतात की.”

“आणि जितेशला?”

“त्याला काय लागतंय,” ती म्हणाली, “त्याला सगळं ऐकू येतं.”

म्हणजे मला टोमणा. मला ऐकू येत नाही असा अर्थ नाही, मी ऐकून घेत नाही असा. तिच्या माहेरचे लोक टोमण्यांसाठी पंचक्रोशीत ओळखले जातात.

मी जळतोय का? जळतोय. लिहायला काय लाज. त्याच्या दातांवर, त्याच्या आईच्या बोंबलावर, त्या आखूड पायाच्या स्टुलावर जळतोय. माझ्या पत्र्यापुढे वीस-बावीस वर्षांची नाटकं झाली, शंभर नट आले नि गेले, माझ्या पोटात कधी दुखलं नाही. पण ते माझ्या विंगेत कधी बसले नव्हते.

सोमवार, १२ जानेवारी

स्नेहाचा आजचा मेसेज वाचला आणि उठून पाणी प्यालो.

‘टु स्टील समवन्स थंडर’. शब्दशः अर्थ, दुसऱ्याचा गडगडाट चोरणे. वापरायचा अर्थ, दुसऱ्याच्या करामतीचं कौतुक आपण मध्येच उपटणे. पुढे लिहिलं होतं, नाना, याची गोष्ट तुम्हाला आवडेल, उद्या पाठवते.

तिला सगळं कळलंय, मैनाने सांगितलेलं दिसतं. पण माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस घरात आहे, हे बघून बरं वाटलं.

मंगळवार, १३ जानेवारी

गोष्ट अशी. तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक नाटककार होता. त्याने आपल्या नाटकासाठी गडगडाटाची नवी युक्ती शोधून काढली. नेमकी कशी, ते आज कोणाला नक्की सांगता येत नाही. नाटक पडलं. थिएटरवाल्यांनी ते बंद केलं, पण युक्ती ठेवून घेतली. थोड्या दिवसांनी हा गृहस्थ त्याच थिएटरात दुसऱ्याचं नाटक बघायला गेला. मध्येच गडगडाट झाला. त्याने ओळखला. भर गर्दीत उभा राहिला आणि ओरडला की हा माझा गडगडाट आहे, या लबाडांना माझं नाटक नको, पण माझा गडगडाट हवा. त्यावरून हा वाक्प्रचार.

मी हे तीनदा वाचलं. तीनशे वर्षं झाली, पण त्या माणसाच्या पोटात काय पेटलं असेल ते मला इथे बोईसरमध्ये कळतं. त्याचं नाव कोणाला आठवत नाही, त्याचं नाटक कोणाला आठवत नाही, ओरडणं राहिलं. उभं राहून ओरडलं पाहिजे.

माझं मात्र उलटं आहे. त्याचा गडगडाट वापरला तरी. माझा टाकून दिला आणि कुठला तरी विलायती, डबीतला आणला. म्हणून मी ठरवलंय. नाटकाला जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. पहिला गडगडाट झाला की उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “याला शेपूट नाही.” एवढंच. बोईसर समजून जाईल.

मैनाला सांगितलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

तालमीवरून ती आणि जितेश खाली गेटाशी बोलत उभे होते. मी गॅलरीतून बघत होतो. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती स्वतःच्या कानाला हात लावून दाखवत होती. नवीन कानातलं घेऊन दिलं की काय? वर आल्यावर बघितलं. जुनीच फुलं होती, मी घेतलेली.

रविवार, २५ जानेवारी

काल नाटक झालं. सगळं नीट लिहितो.

मी पहिल्या रांगेत अगदी डावीकडे बसलो, तिथून विंगेतलं थोडं दिसतं. मैना निघताना म्हणाली होती, “याल ना?” मी म्हटलं, बघू. खिशात हात घालून वाक्य घोकत बसलो होतो. याला शेपूट नाही, याला शेपूट नाही.

पडदा उघडला. नाव डुलायला लागली. दिवा विझला आणि गडगडाट झाला.

तो कानाआधी खुर्चीच्या पायातून वर आला. मग छातीत. मी उठलो, कारण उठायचं ठरलं होतं, आणि तोंड उघडलं, तेवढ्यात आवाज उतरायला लागला. तुटला नाही. गुरगुरत, गुरगुरत, लांब, डहाणूकडे.

माझा गुडघा आपोआप पुढे आला होता.

मी तसाच उभा राहिलो. माझं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं, आणि त्या लंडनच्या माणसाचं वाक्य तोंडात आलं. हा माझा गडगडाट आहे. मागून कोणीतरी शर्ट ओढला, “ओ काका, बसा ना खाली.” मी विंगेकडे बघितलं. मैना स्टुलावर बसली होती. हातात सुतळी होती. आणि सुतळीचं दुसरं टोक जितेशच्या मनगटाला होतं.

गडगडाटाचं मी विसरलो. खरं सांगतो, तो नेला असता तर नेला असता. पण सुतळी बघून माझ्या डोक्यात जे गेलं ते लिहिता येत नाही. रांगेतून वाट काढली, बाजूच्या कनातीखालून वाकून आत शिरलो आणि विंगेत जाऊन त्याच्यापुढे उभा राहिलो.

“हा माझा गडगडाट आहे,” मी म्हणालो. हळूच म्हणालो, असं मला वाटलं. रंगमंचावरच्या तिन्ही भावांनी वळून बघितलं.

जितेश उठला, माझ्या उजव्या कानाशी आला. “तुमचाच हाय, काका. गच्चीवर तुमाला विचारूनच रेकॉर्ड केला ना मी. तुमी बरं बरं बोललात.”

“मी असं कधी बोललो नाही.”

मैनाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि नाटकाकडे तिचं लक्ष नाही असं मी या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. मी सुतळीकडे बोट दाखवलं. “आणि हे कशाला? याला सगळं ऐकू येतं ना?”

तिने जवळ येऊन सांगितलं, “हाताला सवय लागलीय. दुसऱ्या टोकाला कोणी नसलं की मला संवादच सांगता येईना.”

जितेशने मनगटाची गाठ सोडली आणि सुतळी माझ्या हाताला बांधली. गाठ बरी मारतो, हे कबूल करायला हवं. मग त्याने खुर्ची मला दिली आणि स्वतः उभा राहिला. पुढचं सगळं नाटक असं झालं की मैना सुतळी ओढायची, मी जितेशच्या खांद्यावर थाप मारायची आणि त्याने बटण दाबायचं. एक झटका, एक थाप. दोन झटके, दोन थापा. थोरल्या भावाने धाकट्याला ते आईचं सांगितलं, मग शांतता झाली आणि दोन झटके आले. मी दोन थापा मारल्या. प्रेक्षकांत बायका डोळे पुसत होत्या. एकही चुकला नाही.

शेवटी दिनूभाऊ माइकवर उभे राहून काहीतरी बोलले. माइक फुटका असणार, एक शब्द धड कळला नाही. पण सगळे लोक विंगेकडे वळून टाळ्या वाजवत होते, उभं राहून. जितेशला असतील. मीही वाजवल्या, दोन-चार. तो मला पुढे ढकलत होता, स्वतः मागे सरत होता. लाजाळूपणाचंही सोंग येतं त्याला.

घरी येताना रिक्षात मैनाने सुतळी सोडू दिली नाही. म्हणाली, राहू दे. मी तिला विचारलं, साडी त्याच्यासाठी नेसायचीस का. ती इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

तो बटण दाबताना करंगळी वर ठेवतो. ते मात्र मला आवडलेलं नाही.

बुधवार, २८ जानेवारी

मैनाचा कान दुखतो म्हणून पालघरला गेलो. स्नेहाने कानाच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावून ठेवला होता. स्टेशनवर घ्यायला आली, माझा हात धरून रस्ता ओलांडून दिला, जसा काही मीच पेशंट. दवाखान्यात गेल्यावर म्हणे, आलाच आहात तर आधी नानांचा बघू. मी म्हटलं, बघा.

एका बारक्या खोलीत खुर्चीवर बसवलं. दोन्ही कानांवर जाड हेडफोन, हातात बटण. बाईंनी मोठ्या अक्षरातली पाटी दाखवली, आवाज आला की बटण दाबा. समोर टेबलावर मशीन होतं, त्यावर बारीक हिरवा दिवा. मैना माझ्या मागे बसली, तिथून तिलाही तो दिवा दिसत होता.

थोड्या वेळाने शर्टाला मागून झटका बसला, म्हणजे आवाज आला. मी बटण दाबलं. पुन्हा झटका, पुन्हा दाबलं. सोपं होतं. एकही चुकवला नाही. असली परीक्षा मी झोपेतही देईन, आणि जितेशला म्हणावं, ये, तूही दे.

डॉक्टरबाई खूश व्हायला हव्या होत्या. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि मैनाला काहीतरी सांगितलं. मैना उठली. बाहेर गेली. स्नेहाने दार लावून घेतलं.

मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बाई मशीनच्या खटक्यांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होत्या. हिरवा दिवा लागत होता, विझत होता. खूप वेळ गेला. शेवटी मलाच त्यांची दया आली.

“बाई,” मी म्हणालो, “तुमचं मशीन बंद पडलंय.”

त्या उठल्या, दार उघडलं आणि मैनाला आत बोलावलं. ती आली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि माझं मनगट धरलं. ओढलं नाही. नुसतं धरून बसली.